कापलेल्या ३०३ चा जीर्णोद्धार: नंबर ४ (टी) ची खिशाला झेपणारी प्रतिकृती

मिसिसागाकर

गेल्या शनिवारी दोनशे यार्डांवर सातच्या सात गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात बसल्या. महायुद्धाच्या काळात ही रायफल 'स्नायपर' म्हणून पास व्हायची तेव्हाची कसोटी हीच होती: दोनशे यार्डांवर सात गोळ्या पाच इंचांत आणि चारशे यार्डांवर सातपैकी सहा दहा इंचांत. आमच्या क्लबात चारशेची सोय नाही, त्यामुळे निम्मी परीक्षा अजून बाकी आहे. पण कापलेल्या रायफलीतून ही प्रतिकृती घडवण्याचं चौदा महिन्यांचं काम मार्गी लागलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत याबद्दल एक ओळ मिळाली नव्हती.

रायफल म्हणजे ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी), ब्रिटिश लष्कराची दुर्बीणवाली रायफल. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री ही बहुतेक वेळा याच घराण्यातली थोरली, नंबर १ मार्क ३. नंबर ४ ही धाकटी, जाड नळीची आणि बनवायला सोपी. युद्धात कारखान्यातून निघालेल्या नंबर ४ पैकी ज्या चांगल्या नेमाच्या ठरल्या त्या बाजूला काढल्या जात. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदुकांच्या पेढीने १९४२ पासून अशा वीस हजारांहून जास्त रायफलींवर नंबर ३२ दुर्बीण चढवली. ही साडेतीन पट मोठं दाखवणारी दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती, म्हणूनच ती इतकी दणकट आणि जड आहे.

माझं या रायफलीशी नातं दोन बाजूंनी. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढून आले. आणि मी जिथे राहतो तिथून अगदी जवळ, मिसिसागाच्या लेकव्ह्यू भागात, लाँग ब्रांचचा कारखाना होता. १९४० साली उभा राहिलेल्या या कारखान्यातून युद्ध संपेपर्यंत नऊ लाखांहून जास्त नंबर ४ रायफली बाहेर पडल्या, आणि यंत्रांवर काम करणाऱ्यांत बायकांचं प्रमाण मोठं होतं. कारखाना पाडला, पण तपासणीची इमारत शिल्लक आहे, आज तिथे चित्रं आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. लेकीला घेऊन गेलो होतो. जिथे माझ्या रायफलीवर पासाचा शिक्का बसला असेल त्या छपराखाली ती मातीचं भांडं घडवत बसली होती.

मूळ (टी) संच, म्हणजे जुळत्या नंबरांची रायफल, दुर्बीण, पेटी वगैरे, विकायला निघतो तेव्हा भाव कित्येक हजार डॉलर असतो. लाँग ब्रांचच्या (टी) तर मोजक्याच बनल्या, त्यांच्या वाटेला आपण जायचंच नाही. प्रतिकृती करायची ठरवली आणि स्वतःला एकच अट घातली: धडधाकट, मूळ लाकडातल्या रायफलीला भोक पाडायचं नाही. अट का घातली ते सांगतो. युद्धानंतर कॅनडात या रायफली मातीमोल भावाने विकल्या गेल्या. लोकांनी मूस आणि हरणाच्या शिकारीसाठी त्यांचं पुढचं लाकूड अर्ध्यातून कापलं, वरची लाकडं फेकून दिली. अशा कापलेल्या रायफली आजही इथे जुन्या सामानात मिळतात. ज्यांचं नुकसान आधीच झालंय त्यांच्यावर काम करा. ऐंशी वर्षं जशीच्या तशी टिकलेली रायफल प्रतिकृतीपायी बिघडवणं मला पाप वाटतं.

माझा खर्च, कॅनडियन डॉलरमध्ये: कापलेली लाँग ब्रांच, १९४३ ची, २८०. लाकडाचा पूर्ण संच २४०. दुर्बिणीचं ब्रॅकेट आणि पॅड १९०. नंबर ३२ ची नवी नक्कल ६१०. गालाखालचं लाकूड ४५. बंदूक-कारागिराची मजुरी २७०. एकूण १,६३५. रकमा माझ्या आहेत, तुमच्याकडे वेगळ्या पडतील. परवाना, सुरक्षेचा कोर्स आणि क्लबची वर्गणी यात धरलेली नाही. इथले नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदललेत, तेव्हा काहीही विकत घेण्याआधी सरकारी यादी पाहा.

रायफल निवडताना नळी आधी बघा, बाकी सगळं नंतर. युद्धकाळातल्या बऱ्याच लाँग ब्रांच नळ्यांना आत गोळीला फिरकी देणाऱ्या दोनच खाचा असतात, पाच नाहीत. त्याने घाबरू नका, त्या नळ्याही उत्तम मारतात. खरा शत्रू गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने क्षार उरतो आणि नळी धुतली नाही तर आतून खाऊन टाकतो. माझ्या रायफलीच्या दस्त्याची पितळी झडप उघडली तर आत तेलाची बाटली आणि गुंडाळलेला पुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची वजन लावलेली दोरी, निघाला, कडक झालेल्या चिंदीसकट. ज्या कुणी लाकूड कापलं त्यानेच नळी मात्र पुसलेली होती. आत टॉर्च मारली तर आरशासारखी.

मग हेडस्पेस, म्हणजे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मिटल्यावर काडतुसाच्या मागे किती फट राहते ते. नंबर ४ मध्ये बोल्टचं डोकं वेगळं निघतं आणि ० ते ३ अशा चार मापांत येतं. हे माप गेज असलेल्या कारागिराकडूनच तपासून घ्या. अंदाजाने डोकं बदलायचं नाही आणि तपासणी होईपर्यंत एकही गोळी झाडायची नाही.

दुर्बीण बसवणं हे काम मी स्वतः केलं नाही, तुम्हीही घरी करू नका. बोल्ट सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या डाव्या भिंतीवर दोन पॅड, म्हणजे दुर्बिणीचं ब्रॅकेट ज्यांवर बसतं ते धातूचे तुकडे, लागतात, एक पुढे, एक मागे. ते नळीच्या रेषेत तंतोतंत नसले तर दुर्बिणीत नेम सरकवायला असलेली सगळी जागा त्या चुकीची भरपाई करण्यातच संपते. मला याचा फटका बसला. पहिल्या कारागिराने पुढचा पॅड नुसता स्क्रूवर ठेवला. चाळीसेक गोळ्यांनंतर नेम दर वेळी थोडा डावीकडे सरकायला लागला आणि मी आठवडाभर दुर्बिणीला दोष देत राहिलो. शेवटी ब्रॅकेट काढून पॅडवर बोट ठेवलं, तर पॅड हलत होता. दुसऱ्या कारागिराने तो पुन्हा बसवला, स्क्रू पक्के केले. मूळ रायफलींवरही पुढचा पॅड सैल होण्याची खोड होतीच. दर दोनशे गोळ्यांनी एकदा हात लावून बघतो.

आणखी एक बारकी गोष्ट. मागच्या साइटच्या (दुर्बिणीशिवाय नेम धरायच्या पट्टीच्या) पानावर जवळच्या माऱ्यासाठी एक मोठं भोक असतं. खऱ्या (टी) वर ते घासून काढलेलं असायचं, नाहीतर दुर्बीण त्यावर अडकते. मी मूळ पान जपून ठेवलं आणि घासलेलं दुसरं पान लावलं.

लाकूड. माझ्या मते नेमाचा निम्मा हिशोब इथेच आहे, आणि इथे पैसा लागत नाही, वेळ लागतो. नंबर ४ चं पुढचं लाकूड घोड्याच्या मागच्या बाजूला दोन उभ्या पृष्ठांवर टेकतं. गोळी सुटल्याचा धक्का ती दोन पृष्ठं झेलतात. एकच टेकलं आणि दुसरं हवेत राहिलं, तर प्रत्येक गोळीला रायफल वेगळी बसते. नळीच्या टोकाशी लाकडाने नळीला खालून थोडा उचलता दाबही द्यायचा असतो.

कुठे टेकतंय हे बघायला कारागीर काळा रंग वापरतात. मी काजळ वापरलं. आई आली होती तेव्हा तिने तिळाच्या तेलाच्या दिव्यावर काजळ धरून दिलं होतं नातीसाठी, त्यातलंच चिमूटभर. लोखंडाला पुसट हात फिरवायचा, लाकूड चढवायचं, स्क्रू आवळायचे, परत उतरवायचं. जिथे काळं उमटलं तिथे टेकतंय. तेवढंच काचेच्या तुकड्याने खरवडायचं, कागदाइतकं. पुन्हा काजळ, पुन्हा चढवा. पहिल्या दिवशी उजव्या पृष्ठावर गव्हाच्या दाण्याएवढा ठिपका आणि डावं कोरं. एकोणीस वेळा चढवल्या-उतरवल्यावर दोन्हीकडे सारखा काळा पट्टा आला. त्यानंतर तीन महिने जवसाचं कच्चं तेल. आधी पंधरा दिवस रोज एक हात, मग आठवड्याला एक, तळहाताने लाकूड गरम होईस्तोवर चोळून. गॅरेजला जवसाचा वास लागलाय आणि तो मला आवडतो.

या कामाआधी दोनशे यार्डांवर सात गोळ्या साडेआठ इंचांत. काम झाल्यावर, तीच काडतुसं, तीच दुर्बीण, पावणेपाच इंच. प्रश्न असतील तर विचारा.

दहा_पूर्णांक_नऊ

फार सुंदर लिहिलंय दादा. मी पुण्यात बालेवाडीला १० मीटर एअर रायफल करते. दोन प्रश्न. एक, घोडा किती जड आहे? आमचा घोडा नुसता श्वास लागला तरी सुटेल इतका हलका असतो. दोन, इतक्या सगळ्यात आधुनिक दुर्बीण का नाही लावली? स्वस्त पडली असती ना?

मिसिसागाकर

ताई, घोडा दोन टप्प्यांत आहे. पहिला तीन-चार पौंडांचा लांब ओढा, मग एक स्पष्ट थांबा, मग पाच-सहा पौंडांचा दुसरा. तुमच्या रायफलीनंतर हा बैलगाडीसारखा वाटेल. पण तो थांबा इतका साफ कळतो की सवय झाल्यावर बोटाला नेमकं ठाऊक असतं पुढे काय होणार. मी रोज रात्री रिकाम्या रायफलीवर वीस वेळा सराव करतो, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून.

आधुनिक दुर्बीण स्वस्त आणि चांगली मिळते, आणि कुणी ती लावली तर चूक काहीच नाही. मला मात्र त्या काळच्या माणसाला जे दिसत होतं तेच बघायचं होतं: खालून वर येणारा एक टोकदार खांब आणि आडवी तार. खांबाच्या टोकावर काळा गोल ठेवायचा. पहिल्या महिन्यात डोकं दुखलं, आता दुसरं काही नको वाटतं. नक्कल घेताना एक चाचणी करा. एक गोळी झाडा, ड्रम (दुर्बिणीवरची नेम सरकवायची चाकं) ठरावीक घरं वर, मग उजवीकडे, खाली, डावीकडे फिरवत प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळी झाडा. शेवटची गोळी पहिलीशेजारी आली तर दुर्बीण खरी. माझी पहिली नक्कल यात नापास झाली, विक्रेत्याने बदलून दिली.

सुभेदार_सांगली

रामराम. पेन्शनीत आहे, नातवाने हा धागा दाखवला. कॉलेजात एनसीसीत आम्हाला पॉइंट टू टू होती, २५ यार्ड, पाच गोळ्या, ग्रुपिंग. ती दिसायला थेट ३०३ सारखीच, नळी तेवढी बारीक. चांदमारीच्या दिवशी पहाटे चारला उठायचं. नंतर पलटणीत आलो.

भारतातल्या पोरांसाठी लिहितो, म्हणजे कुणी उगाच अडचणीत येणार नाही. ३०३ बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळत नाही. इंग्रजांच्या काळापासून धोरण हेच, फौजेचं काडतूस लोकांच्या हाती नको. त्यातूनच ३१५ आली. आपल्या सरकारी कारखान्याची ३१५ स्पोर्टिंग रायफल उघडून बघा, आतला बोल्ट ली-एनफिल्डचाच आहे. आणि परवाना असला तरी हत्यारात स्वतःच्या मनाने फेरफार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा इथे वाचा, आनंद घ्या, आणि नेमबाजीच करायची असेल तर जिल्ह्याच्या रायफल क्लबात नाव घाला. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये पदक घेऊन आला.

तुमचे आजोबा कुठल्या बटालियनला होते?

मिसिसागाकर

सुभेदारसाहेब, नमस्कार. हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आजोबा तिसऱ्या बटालियनला. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ ला वीरमरण आलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच बटालियन. आजोबा त्यांच्याबद्दल बोलताना उठून बसायचे. आम्ही मुंबईहून कोकणात जाताना माणगावला त्यांच्या पुतळ्यापाशी गाडी थांबवायचीच, हा घरचा नियम होता.

एरीकाठ

मी ओहायोत, कॅम्प पेरीपासून तासाभरावर. एरी सरोवराच्या काठावरची ही रेंज, १९०७ पासून इथे अमेरिकेचे राष्ट्रीय सामने होतात. जुन्या स्नायपर रायफलींचा एक सामना असतो, प्रतिकृती चालतात. दोघांची जोडी, एक झाडणारा, दुसरा दुर्बिणीतून बघून वारा सांगणारा, मग अदलाबदल. ३०० आणि ६०० यार्ड. लक्ष्य वीस सेकंद वर येतं, तेवढ्यात एक गोळी.

माझी प्रतिकृती अमेरिकन, १९०३ए४ ची. रेमिंग्टनने १९४३-४४ मध्ये सुमारे २८ हजार बनवल्या. लष्कराकडे वेळ नव्हता, म्हणून बाजारात शिकाऱ्यांसाठी मिळणारी वीव्हरची दुर्बीण आणि रेडफिल्डचं माउंट उचलून लावलं. पुढची माशीसुद्धा (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) ठेवली नाही, दुर्बीण फुटली तर नेम धरायला काहीच नाही. मूळचीच काटकसरीची असल्यामुळे प्रतिकृती करायला ही सगळ्यात सोपी. दुर्बीण ऐन काडतुसं भरायच्या जागेवर येते, त्यामुळे क्लिपने पाच एकदम भरता येत नाहीत, एक एक घालावं लागतं. मिसिसागाकर, तुमचीही तीच गत असेल.

नवऱ्याला वारा वाचायला शिकवलंय. पहिल्या वर्षी सहाशे यार्डांवर तो "दोन डावीकडे" म्हणाला, मी ऐकलं नाही, आणि गोळी बोर्डाबाहेर गेली. आता तो सांगेल ते ऐकते.

मिसिसागाकर

हो, इथेही एकेकच. दहाचं मॅगझीन असून दहा भरायला पाऊण मिनिट जातं. दोन गोळ्यांमध्ये घाई होत नाही हा त्याचा फायदा.

लेस्टरचा_सदा

एक कळकळीची विनंती. प्रतिकृतीवर (टी) चे खरे शिक्के मारू नका. खऱ्या रायफलीवर डाव्या बाजूला 'टीआर' असतं, दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा नंबर कोरलेला असतो. मी सात वर्षांपूर्वी 'मूळ' म्हणून एक घेतली, साठवलेले सगळे पैसे घातले. इंग्लंडातल्या बिझलीच्या रेंजवर एका म्हाताऱ्या आर्मररने, म्हणजे फौजेच्या बंदूक-कारागिराने, भिंगातून बघितलं आणि सांगितलं, पॅड नवे आहेत, शिक्के हाताने ठोकलेत. विकणाऱ्यालाही बहुतेक ठाऊक नव्हतं. कुणीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी हौसेने प्रतिकृती केली, 'अस्सल दिसावी' म्हणून शिक्के मारले, तो गेला, आणि ती रायफल खोटी बोलत हातोहात फिरत राहिली. त्या माणसाने कुणाला फसवायचं ठरवलं नसेलही. मला मात्र ती रायफल आता हातात घ्यावीशी वाटत नाही.

मिसिसागाकर

सदाभाऊ, वाचून वाईट वाटलं. मी उलट केलंय. लाकडाच्या आतल्या बाजूला, नळी बसते त्या खाचेत, वर्ष आणि 'प्रतिकृती' असं मराठीत कोरलंय. लाकूड उतरवल्याशिवाय दिसत नाही, पण जो कुणी तपासायला बसेल तो लाकूड उतरवणारच. कामाची वही आणि सगळ्या पावत्या रायफलीबरोबर ठेवल्यात.

दुपारचं_ऊन

मेहनत दिसते, भाषा छान आहे. पण मला राहवत नाही म्हणून विचारते. हे हत्यार लांबून, लपून माणूस टिपण्यासाठी बनवलेलं. त्याची हुबेहूब नक्कल करण्यात आनंद कसा वाटतो? राग नाही, खरंच समजून घ्यायचंय.

मिसिसागाकर

ताई, बरोबर आहे, ते त्यासाठीच बनवलेलं होतं आणि मी ते नाकारणार नाही. आजोबांनी परत आल्यावर घरात कधी बंदूक ठेवली नाही. लढाईचं ते जवळजवळ काहीच बोलले नाहीत. बोलायचे ते रायफल पुसण्याबद्दल. गरम पाणी नळीतून ओतायचं, वाफ थांबेपर्यंत थांबायचं, मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी, आणि हे झाल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही. दसऱ्याला विळी-कोयत्याची पूजा करताना त्यांचा हात नकळत तसाच फिरायचा, पात्याच्या मुठीपासून टोकापर्यंत एकाच दिशेने. मला त्यांच्याकडून युद्ध मिळालं नाही, तो हात मिळाला. रेंजवर मी माणसाच्या आकृतीचं लक्ष्य लावत नाही, गोलच लावतो. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुम्हाला ते अपुरं वाटलं तर तेही मला मान्य आहे.

दुपारचं_ऊन

पोचलं. लिहीत राहा.

दहा_पूर्णांक_नऊ

दादा, काडतुसं कुठली वापरता? जुनी लष्करी स्वस्त मिळतात ना?

मिसिसागाकर

जुनी स्वस्त असतात, पण काहींचा बार घोडा दाबल्यावर क्षणभर थांबून उडतो. तेवढ्या क्षणात नेम हललेला असतो, शिवाय धोका आहे तो वेगळाच. मी नवीन घेतो, १७४ ग्रेनच्या गोळीची, कारण नंबर ३२ चा ड्रम मूळ लष्करी मार्क ७ काडतुसाच्या त्याच वजनाच्या गोळीसाठी आखलेला आहे. हलकी गोळी वापरली तर ड्रमवरचे यार्डांचे आकडे जुळत नाहीत. महाग पडतं, म्हणून रेंजवर पंचवीसच नेतो. प्रत्येक गोळी वहीत लिहितो: वारा, ऊन, कुठे लागली.

सुभेदार_सांगली

दस्त्यातला तो पुलथ्रू टाकला नाहीत ना?

मिसिसागाकर

नाही साहेब. दोरी कुजली होती, ती बदलली. पितळेचं वजन मूळचंच आहे. चिंदी नवी, आजोबांच्या जुन्या धोतराची.

एरीकाठ

मिसिसागाकर, पुढच्या उन्हाळ्यात या इकडे. सामना बघा तरी.

मिसिसागाकर

नक्की येतो. रायफल सीमेपार न्यायला आधी अर्ज करून परवानगी काढावी लागते, ते यंदा जमणार नाही, म्हणून तुमच्या नवऱ्याशेजारी बसून वारा वाचायला शिकेन. तोवर एक बातमी: क्लबातल्या एका सदस्याच्या ओळखीने उत्तरेकडे चारशे यार्डांची रेंज मिळतेय, १५ तारखेला. सातपैकी सहा, दहा इंचांत. कागदाचा फोटो इथेच टाकतो, लागलं तरी आणि हुकलं तरी.